फक्त टायर बदलायचेत

कंपनीनं जशी दिली तशीच गाडी चालवणं आमच्या कोल्हापूर भागात जरा कमीपणाचं समजलं जातं. शोरूममधून निघतो तो झाला कच्चा माल. हार घालून, नारळ फोडून, चारी चाकांखालची लिंबं चिरडून झाली की मालक दोन पावलं मागं सरतो, मान तिरकी करून गाडीकडं बघतो आणि म्हणतो, "सगळं ब्येस हाय, पण टायर बारीक वाटत्यात." इंजिनातलं कुणाला कळत नाही, गिअरबॉक्स कुणी उघडून बघत नाही, चासी नंबर फक्त विमेवाल्याला ठाऊक असतो. टायर मात्र उघड्यावर असतात. त्यामुळं ज्याला गाडीतलं काहीच कळत नाही त्यालाही टायरविषयी मत असतं, आणि ते मत एकच असतं: थोडे मोठे पाहिजे होते.

माझ्या मेहुण्याचं गुऱ्हाळ आहे आणि गुळाचे रवे मार्केट यार्डात पोचवायला बोलेरोच्या घराण्यातली एक पिकअप आहे. पुढं माणसं, मागं हौदा. हौद्यात हंगामात गूळ आणि हंगामाबाहेर गावातली पोरं. गाडी कामाची, तक्रारीला जागा नाही. पण मेहुण्याला ती समोरून बघताना छाती भरलेल्या आणि पिंढऱ्या बारीक असलेल्या पैलवानासारखी दिसायची. कोल्हापुरात पैलवानाचा दाखला दिला की वाद तिथंच संपतो. मला फोन आला तोपर्यंत सगळं ठरलेलं होतं.

"दाजी, फक्त टायर बदलायचेत. बाकी गाडीला हातसुदिक लावायचा न्हाई."

असे फोन सल्ल्यासाठी नसतात. निर्णय झालेला असतो, टायरवाल्याकडं विसार पोचलेला असतो. दाजी हवे असतात ते ताईला समजावून सांगायला, आणि 'दाजीबी होते की बरोबर' असं पुढं घरात म्हणता यावं म्हणून. मी आयुष्य बँकेत काढलेलं असल्यामुळं माझ्या नुसत्या उभं राहण्यानं खर्चाला एक प्रकारची मंजुरी मिळते असा सासरी समज आहे. मी गेलो.

जुन्या टायरच्या कडेवर २१५/७५ आर १५ असं उठलेलं होतं. हा आकडा मला फार आवडतो. पहिले २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. पुढचे ७५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्क्यांत. आर म्हणजे रेडियल. शेवटचे १५ म्हणजे आतल्या डिस्कचा व्यास, आणि तो इंचात. मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन घराणी एकाच ओळीत नांदवणारा दुसरा आकडा मी बघितलेला नाही, बँकेतसुद्धा नाही. मेहुण्याला हवे होते २३५/७५ आर १५. डिस्क तीच, फक्त वरचं रबर मोठं. बोलेरोवाल्यांमध्ये हा बदल इतका रुळलेला आहे की टायरवाल्यानं आमची गाडी वळतानाच आतून दोन टायर घरंगळत बाहेर आणले.

मी बिलाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. २१५ चे ७५ टक्के म्हणजे एकशे सव्वाएकसष्ट मिलिमीटर. ही भिंत वर एक आणि खाली एक, म्हणून दुप्पट. त्यात १५ इंचांचे ३८१ मिलिमीटर मिळवले की जुन्या टायरची पूर्ण उंची सातशे साडेतीन. नव्याची, त्याच रीतीनं, सातशे साडेतेहतीस. फरक तीस मिलिमीटर. आणि गाडी चाकाच्या मधोमध असलेल्या अॅक्सलवर बसते, चाकाच्या डोक्यावर नाही, म्हणून जमिनीपासून उचलली जाणार तीसच्या निम्मी.

"पंधरा मिलिमीटर," मी म्हणालो.

"काय पंधरा?"

"गाडी पंधरा मिलिमीटर वर जाईल."

मेहुण्यानं टायरवाल्याकडं बघितलं. टायरवाल्यानं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या बिलाकडं. पंधरा मिलिमीटर म्हणजे किती हे दाखवायला मी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जागा सोडून धरली. ती बघून टायरवाल्याकडचं एक पोरगं हसलं.

"दाजी, तुमचं गणित बँकेतलं," मेहुणा म्हणाला. "दिसायला दोन इंच दिसतंय का न्हाई ते बघा."

आणि खोटं कशाला सांगू, दिसतं. ही खरी गंमत आहे. टायर वाढतो तो सगळीकडून वाढतो. मडगार्डच्या कमानीतली रिकामी जागा भरून येते, रुंदी वीस मिलिमीटरनं फुगते, आणि डोळ्याला उंची दिसते ती खरं तर भरल्याची दिसते. मोजपट्टीला ते कळत नाही. म्हणून मोजपट्टी घेऊन कुणी गाडीचं कौतुक करायला येत नाही.

टायरच्या दुकानात निवड करणं हा प्रकार साडीच्या दुकानापेक्षा जास्त वेळ खातो. साधी नक्षी, अर्धी रस्त्याची अर्धी मातीची नक्षी, आणि निव्वळ चिखलाची नक्षी. त्या तिसऱ्या जातीचे गठ्ठे एवढे मोठे की मधल्या खाचेत अख्खी सुपारी बसावी. मेहुण्याचा जीव अर्थातच तिसऱ्यावर. त्याचा रोजचा रस्ता गुऱ्हाळापासून यार्डापर्यंत डांबरी आहे. चिखल लागतो तो अंगणातच, तोही पावसाळ्यात. टायरवाला मात्र धंद्यातला प्रामाणिक निघाला. "हे रोडला लावलं तर साठच्या वर गेल्यावर बोलणं ऐकू येत न्हाई," तो म्हणाला, "आणि वर्षात घासून साधं होतंय." पहिलं कारण ऐकून मेहुणा क्षणभर विचारात पडला, गाडीत शेजारी बहुतेक वेळा त्याची बायको असते. शेवटी अर्धी-अर्धी नक्षी ठरली.

नवीन टायरच्या अंगावर रबराचे बारीक केस असतात. साच्यातून हवा निघून जायला जी भोकं ठेवतात त्यांत रबर शिरतं, त्याचे ते केस. काम त्यांचं काही नाही. पण मेहुणा त्यांवरून हात फिरवत होता आणि पोरगं कडेला अडकलेले केस उपटायला गेलं तेव्हा तो एवढ्या जोरात ओरडला की ते दचकून मागं सरलं. केस असेपर्यंत टायर नवीन, हे सगळ्या गावाला कळतं. त्याच कडेवर, जरा खाली, लांबट गोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर कुठल्या आठवड्यात जन्मला ते त्यावरून कळतं. हे मी मेहुण्याला दाखवलं तेव्हा त्यानं चारही टायरच्या जन्मतारखा वाचल्या आणि चौघं एकाच महिन्यातले निघाल्यावर त्याला सोयरीक जुळल्याचा आनंद झाला.

मग मिस्त्री.

आतापर्यंत 'फक्त टायर' हे वचन शाबूत होतं. मिस्त्रीनं पुढची दोन चाकं चढवली, जॅक उतरवला, मेहुण्याला आत बसवून स्टेअरिंग पूर्ण डावीकडं काटायला लावलं, आणि स्वतः मडगार्डच्या कमानीत डोकं घालून बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मिस्त्री गप्प बसला की मालकाच्या खिशाला कळ येते. मग त्यानं खिशातून शाळेतला पांढरा खडू काढला, टायरच्या दोन्ही कडांना आणि गठ्ठ्यांना फासला आणि म्हणाला, "आता फुल काटून मागं-पुढं घ्या. कुठं घासतंय ते गाडीच सांगंल."

उभ्या गाडीत टायर कुठंच घासत नव्हता. पण गाडी उभी राहायला घेतलेली नसते. खड्ड्यात गेली, शॉकअप दबला, त्यात वळण असलं की चाक आत-वर सरकतं, आणि नेमकं तेव्हा ते घासायचं असतं. त्यासाठी पुढचा भाग दाबायला वजन हवं. मिस्त्रीनं चार पोरांना बंपरवर उभं केलं. पोरं हलकी होती. मग मेहुण्यानं गुऱ्हाळावरून गुळाचे रवे आणले, तीस-तीस किलोचे, आणि बॉनेटवर गोणपाट टाकून त्यावर रचले. वर पुन्हा एक पोरगं. एक चाक विटांच्या थरावर, स्टेअरिंग पूर्ण काटलेलं, बॉनेटवर गूळ आणि गुळावर माणूस, अशा अवस्थेत ती गाडी रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवत होती. कुठल्याही मोठ्या कंपनीत ही चाचणी यंत्रावर होत असेल, पण तत्त्व हेच. रवे उतरवले तेव्हा मुंग्या लागलेल्या होत्या, आणि खडू तीन ठिकाणी उमटला होता: कमानीच्या आतल्या प्लास्टिकच्या लायनरला पुढच्या बाजूला, मागच्या मडफ्लॅपला, आणि पूर्ण काटलं की आतून चासीजवळ, जिथं पत्र्याची दुमडी येते तिथं.

"किरकोळ हाय," मिस्त्री म्हणाला.

लायनरला हॉट-एअर गननं ऊब देऊन आत ढकललं. मडफ्लॅप ब्लेडनं अर्धी वीत कापला. दुमडीवर लाकडी ठोकळा ठेवून वरून हातोडा मारला आणि ती चपटी केली, वर गंजू नये म्हणून काळा रंग मारला. हे सगळं होईपर्यंत मिसळ खाऊन झाली होती, आणि मिस्त्रीच्या मते काम संपलं होतं. पण डावीकडं अगदी शेवटपर्यंत काटलं की अजूनही खर्र असा आवाज यायचा. त्याला उपाय एकच: चाक तिथपर्यंत वळूच द्यायचं नाही. पुढच्या चाकाच्या मागं एक स्टॉपरचा बोल्ट असतो, स्टेअरिंग किती वळावं ते तो ठरवतो. मिस्त्रीनं तो दोन आटे बाहेर काढला. आवाज गेला. त्याबरोबर मेहुण्याच्या घरासमोरच्या बोळात एका झटक्यात वळायची सोयही गेली. आता तिथं पुढं-मागं, पुढं-मागं करावं लागतं. पलीकडच्या घरातली म्हातारी ओट्यावर बसून "अजून घे, अजून घे" म्हणत मार्गदर्शन करते. तिच्या दिवसाला त्यामुळं आकार आला आहे.

फक्त टायर बदलणं म्हणजे काय, हे इथं येऊन कळतं. टायर एकटा राहतच नाही. त्याच्या बाजूला लायनर, वर कमान, मागं मडफ्लॅप, आत चासी, खाली रस्ता, आणि समोर बोळ. त्यातल्या एकाला हलवलं की बाकीचे सगळे आपापलं गाऱ्हाणं घेऊन रांगेत उभे राहतात. यात कुणाची चूक नसते. गाडी बनवणाऱ्यानं जागा मोजूनच दिलेली असते, आणि आपण पाहुण्याला घेऊन दारात उभे असतो.

हा नाद एकट्या कोल्हापूरचा आहे असं मात्र कुणी समजू नये. अमेरिकेत तर याचं पंचांगच तयार आहे. तिथं टायर सरळ इंचात बोलतात: तेहतीस, पस्तीस, सदतीस. टोयोटाची टाकोमा नावाची तिकडं घरोघर दिसणारी पिकअप आहे. तिला २८५/७० आर १७ म्हणजे जवळजवळ तेहतिशी टायर घालायचे तर चाकाच्या मागं, जिथं केबिन चासीवर टेकते, तो लोखंडी कोपरा ग्राइंडरनं कापावा लागतो आणि उघड्या तोंडावर पट्टी वेल्डिंग करून तो बंद करावा लागतो. हे काम करून झाल्यावर मालक मित्रांना सांगतो की गाडीत विशेष काही बदल केलेला नाही. त्या अनोळखी माणसाबद्दल मला एकदम आपुलकी वाटते.

तिकडची आणखी एक तऱ्हा. पिकअप कारखान्यातून निघते तेव्हा मागून जरा उंच असते, कारण मागं ओझं टाकलं की ती समपातळीत यावी. रिकाम्या गाडीचं हे पुढं झुकणं मालकाला बघवत नाही, म्हणून तो पुढचा भाग उचलून गाडी सपाट करतो. मोठे टायर बसायला जागाही होते. मग कधीतरी मागं खरोखर ओझं पडतं, मागचा भाग बसतो, नाक वर जातं आणि रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतात. काही पोरांना ते वर गेलेलं नाकच आवडलं. त्यांनी पुढं उचललेली, मागं मुद्दाम बसवलेली गाडी काढली; ड्रायव्हरला समोरचा रस्ता दिसेना. शेवटी नॉर्थ कॅरोलायना राज्यानं २०२१ मध्ये कायदा करून ते थांबवलं. नाक किती वर करावं याला कायदा लागावा, हे मला आपल्याकडच्या बऱ्याच लोकांना सांगावंसं वाटतं.

आणि या सगळ्यांचे मूळपुरुष म्हणजे सेंट लुइसचे बॉब चँडलर. त्यांच्याकडं १९७४ सालची फोर्डची एफ-२५० पिकअप होती. ते ती अशी चालवायचे की सारखं काहीतरी मोडायचं. सुटे भाग मिळेनात म्हणून त्यांनी स्वतःच फोर-व्हील गाड्यांचं दुकान काढलं. मोठे टायर घातले, तर अॅक्सल टिकेना. मोठा अॅक्सल घातला, तर त्याला टायर लहान दिसू लागले. अशी ही शिडी चढत चढत ते अठ्ठेचाळीस इंची टायरपर्यंत पोचले, आणि १९८१ मध्ये एका शेतात दोन भंगार गाड्यांवरून ती पिकअप चालवून त्यांनी त्यांचा चेंदामेंदा केला. ती गाडी म्हणजे बिगफूट. जगातले सगळे मॉन्स्टर ट्रक तिच्या मागून आले. पुढं टायर सहासष्ट इंचांचे झाले, आणि त्याच घराण्यातल्या पाचव्या गाडीला तर दहा फुटी टायर लागले, जे मुळात अमेरिकन लष्कराच्या बर्फात चालणाऱ्या अजस्र मालगाडीसाठी बनवलेले होते. मेहुण्याला मी ही हकीकत सावध करायला सांगितली होती. त्यानं ती डोळे मिटून, कीर्तन ऐकावं तशी ऐकली. "दहा फूट," तो एवढंच म्हणाला.

मग सासूबाईंचा गुडघा आला.

सासूबाई दर सोमवारी पिकअपमधून महादेवाला जातात. टायर बदलल्याचं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, सांगायचंच नव्हतं. पण त्यांनी पायरीवर पाय ठेवला, एक हात दाराला, एक हात गुडघ्याला, आणि अर्ध्यावर थांबून म्हणाल्या, "ही गाडी कुणी उचललीया?" पंधरा मिलिमीटर. ज्या फरकावर टायरच्या दुकानात पोरगं हसलं होतं तो सासूबाईंच्या गुडघ्यानं पहिल्या पावलात पकडला. त्या दिवसापासून हौद्यात एक लाकडी स्टूल असतं. महादेवाच्या देवळापाशी गाडी थांबली की मेहुणा उतरतो, मागून स्टूल काढतो, दारापाशी मांडतो आणि अदबीनं बाजूला उभा राहतो. गावातल्या लोकांना वाटतं पोरगा आईची केवढी काळजी घेतो. त्याची बायको यावर काहीच बोलत नाही, आणि तिचं काहीच न बोलणं फार स्पष्ट ऐकू येतं. आता ऐकू यायला काही अडचण नाही. तिसऱ्या जातीचे टायर घेतले नाहीत ना.

मीटरची गोष्ट वेगळी. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, पण मीटरला ते कळत नाही. तो जुन्याच चाकाच्या हिशेबानं फेरे मोजतो. आपल्या बाबतीत फरक सव्वाचार टक्क्यांचा. मीटरवर ऐंशी दिसतं तेव्हा जुन्या हिशेबानं गाडी त्र्याऐंशीच्या पुढं असते. मात्र कंपन्या मीटर मुळातच जरा वाढवून दाखवणारा ठेवतात, कारण कमी दाखवणं नियमात बसत नाही. म्हणजे कंपनीचा मीटर थोडं जास्त सांगायचा, टायरनं ते थोडं कमी केलं, आणि मेहुण्याची गाडी पहिल्यांदाच खऱ्याच्या जवळपास बोलू लागली. हे मी त्याला समजावलं. त्याला त्यात रस नव्हता. त्याचा जीव अॅव्हरेजमध्ये अडकला होता.

"दाजी, गाडी तेरा द्यायची, आता बारा देतीया."

यातलं अर्धं दुःख कागदावरचं आहे. मीटरवर शंभर किलोमीटर पडतात तेव्हा गाडी एकशेचार चाललेली असते, पण ते वरचे चार कुणी लिहून घेत नाही. तेराचे साडेबारा तिथंच होतात, एक थेंब डिझेल जास्त न जळता. उरलेलं अर्धं खरं आहे. मोठा टायर जड, रुंद टायरला रस्ता जास्त चिकटतो, आणि इंजिनाला तर सगळेच गिअर थोडे उंच झाल्यासारखे वाटतात. भरल्या गाडीला चढावर आधी तिसरा पुरायचा, आता दुसरा मागते. मी बसून दोन्ही दुःखांची फोड करून दिली, कागदावरचं वेगळं, टाकीतलं वेगळं. मेहुण्यानं तो कागद नीट घडी घालून डॅशबोर्डमध्ये ठेवला आणि पुढच्या वेळी ताईनं डिझेलचं विचारलं तेव्हा सगळंच कागदावरच्या खात्यात टाकलं.

स्टेपनी जुनीच राहिली. पाचवा टायर घ्यायचा तर खर्च वाढतो, आणि हौद्याखाली ज्या कडीला स्टेपनी टांगतात तिथं मोठा टायर घट्ट बसतो, म्हणून ते राहून गेलं. गगनबावड्याच्या रस्त्याला मागचा टायर बसला तेव्हा हे आठवलं. आपल्या मुलखात कितीही आडरानात पंक्चर होऊ दे, दोन वळणं पुढं केरळच्या माणसाचं पंक्चरचं दुकान असतंच. आम्ही सगळ्यांनाच अण्णा म्हणतो. या अण्णानं मेहुण्याच्या हातातली लहान स्टेपनी बघितली, मागचा मोठा टायर बघितला आणि मान हलवली. मागं एका बाजूला लहान आणि एका बाजूला मोठं चाक लावलं तर गाडी सरळ जात असतानाही डिफरन्शियलला वाटत राहतं की आपण वळतोय, आणि ते बिचारं आत सारखं फिरत राहतं, तापतं. म्हणून अण्णानं पुढचं एक मोठं चाक काढून मागं लावलं आणि स्टेपनी पुढं घातली. एका पंक्चरला दोन चाकं खोलली. पैसेही दोन चाकांचे घेतले, ते योग्यच होतं. परतीच्या वाटेवर स्टेअरिंग एका बाजूला ओढत होतं आणि मेहुणा ते दुसऱ्या बाजूला ओढत होता, घाटात, पावसात. बोलायला फारसा वेळ नव्हता.

कायद्याचं मी मेहुण्याला सुरुवातीलाच सांगितलं होतं. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यातलं कलम ५२: नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठणकावून सांगितलं. खाजगी मोटारीचा मालक यावर 'टायरचं कोण बघतंय' म्हणून सुटू पाहतो. पिकअपला तीही सोय नाही. मालवाहू गाडीच्या नोंदणीत पुढच्या आणि मागच्या अॅक्सलच्या टायरची संख्या आणि साइज लिहिलेलीच असते. शिवाय अशा गाडीला ठरावीक काळानं पासिंगला उभं राहावं लागतं: आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी, त्यानंतर दर वर्षी.

यावर गावोगावच्या पिकअपवाल्यांनी काढलेला तोडगा असा: जुने टायर विकायचे नाहीत. पासिंगच्या आदल्या दिवशी ते चढवायचे, गाडी अगदी बारीक पिंढऱ्यांनी आरटीओत न्यायची, शिक्का घेऊन परत यायचं आणि पुन्हा मोठे चढवायचे. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. बँकेतल्या माणसानं तपासणीपुरती पुस्तकं नीट करणाऱ्यांवर काय बोलावं, त्यानं तर तीस वर्षं तेच बघितलेलं असतं. पण मेहुण्याच्या टायरांचा पासिंगशी संबंध येण्याआधीच वेगळ्या खात्याशी आला.

जुने चार टायर त्यानं गच्चीवर ठेवले होते. आडवे, एकावर एक. पावसाळ्यात टायरच्या पोटात पाणी साचतं आणि टायर कसाही उभा-आडवा केला तरी ते पूर्ण निघत नाही. डासाच्या मादीला अंडी घालायला यापेक्षा चांगली, सावलीतली, वाऱ्यापासून आडोशाची जागा मिळत नाही. डेंग्यूचा डास तर स्वच्छ साचलेल्या पाण्याचाच शौकीन. आशाताई आणि आरोग्यसेविका घरोघर भांडी, पिंपं, कुंड्या तपासत फिरत होत्या. त्या गच्चीवर चढल्या, टायरमध्ये बॅटरीचा उजेड टाकला आणि त्यांना आत वळवळ दिसली.

"हे टायर काढून टाका," सेविका म्हणाल्या.

"ताई, ते काढता येत न्हाईत. पासिंगचे हायत."

"पासिंगचे असूद्यात न्हाईतर लग्नातले. आठ दिवसांत परत येणार. पाणी दिसलं तर नोटीस."

मेहुण्यानं टायरांना भोकं पाडायचा विचार केला, पण भोक पडलेला टायर पासिंगला कसा न्यायचा. ताडपत्री टाकली, तर पाणी ताडपत्रीच्या खळग्यात साचलं. उभे करून ठेवले, तर सासूबाईंच्या पापडांची जागा गेली. परवा त्याचा पुन्हा फोन आला. टायरांवर पत्र्याचं शेड घालायचं ठरलंय. खर्च विशेष नाही म्हणाला, चार पाइप आणि दोन पत्रे. फक्त पाण्याची टाकी आड येतीय, ती तेवढी दीड फूट सरकवायची, आणि टाकी सरकली की जिन्यावरचा दरवाजा उघडत नाही, म्हणून तो उलट्या बाजूला बसवायचा.

"किरकोळ हाय, दाजी. तुम्ही ताईला तेवढं सांगा."